कोरसमध्ये घेतलं म्हणून मुलीला नाटकातून काढावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी आठवीत आहे, तीन वर्षांपासून गाणं शिकते. शाळेनं जानेवारीतल्या स्नेहसंमेलनासाठी दीड तासाचं संगीत नाटक धरलंय. मुख्य भूमिका तिलाच मिळणार असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, मिळाली कोरसमध्ये दुसऱ्या रांगेतली जागा. दोन दिवस ती धड जेवली नाही. तालीम साडेसहापर्यंत चालते, घरी येते तेव्हा घसा बसलेला असतो, अभ्यास मागे पडतोय. अशा नाटकातून मुलांना खरंच काही मिळतं का, की काढून घेतलेलं बरं?

नागपूरच्या शाळांमध्ये मी चोवीस वर्षं संगीत नाटकं बसवतोय. चाली माझ्या असतात आणि प्रयोगात पेटीवरही मीच बसतो. माझं उत्तर सरळ आहे: काढू नका. फक्त एक अट आहे, तिच्याकडे येतोच.

आधी भूमिका का मिळाली नसेल ते बघू. मी तुमच्या मुलीला ऐकलेलं नाही, त्यामुळे छातीठोक सांगता येणार नाही. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मी वर्षानुवर्षं बघतोय. मुलांचा आवाज फुटतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण तो चांगला सप्तकभर खाली येतो आणि घरात कानावर आदळतो. मुलींचाही आवाज याच वयात बदलतो. तो दोन-तीन स्वरच उतरतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण वर्ष-दोन वर्षं त्यात हवा मिसळल्यासारखी होते, टोक जातं, वरच्या स्वरांवर आवाज पातळ पडतो. सहावीत खणखणीत गाणारी मुलगी आठवीत अचानक धूसर वाटायला लागते. क्लासमध्ये तानपुऱ्यासोबत हे झाकलं जातं. शाळेच्या हॉलमध्ये पंख्याच्या आवाजात, चाळीस मुलांच्या गोंगाटात निवड होते तेव्हा सरांच्या कानात भरतो तो मोठा आवाज. गाणं येणं आणि ऐकू जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या मुलीचं गाणं कमी पडलं असं तिनं मनाला लावून घेतलं असेल, तर तिला हे नीट समजावून सांगा. आवाज वयाबरोबर पुन्हा भरतो.

शाळेत जाऊन भूमिका बदलून मागू नका. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एक अक्षर लिहू नका. सरांना एकटं गाठून एवढंच विचारा, "तिचा आवाज सध्या कोणत्या पट्टीत सुखानं लागतो?" पट्टी म्हणजे पेटीवरच्या ज्या स्वराला सा धरून गायचं तो. मुलींसाठी मी साधारण पांढरी पाच ते काळी पाच एवढ्यातच पट्टी धरतो. नाटकातली पट्टी मुख्य भूमिकेच्या गळ्याला बघून ठरते आणि कोरसची मुलं तिच्यामागे ओढली जातात. घसा बसण्याचं निम्मं कारण तिथेच असतं. हा प्रश्न विचारला की कोणताही बरा संगीत शिक्षक कोरसची ओळ खालच्या सप्तकात बांधून देतो किंवा मुलांची दोन गटांत वाटणी करतो.

आता कोरसबद्दल. काही वर्षांपूर्वी आम्ही तान्ह्या पोळ्यावर नाटक केलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात आणि त्याच दिवशी महाल भागात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते. एका सुताराच्या मुलीकडे स्वतःचा बैल नाही, एवढ्यावर आमची गोष्ट उभी होती. तिच्या मुख्य गाण्याला तीन कडवी होती. प्रत्येक कडव्यानंतर मागची मुलं वेगळी ओळ म्हणायची. पहिल्यानंतर विचारायची, दुसऱ्यानंतर चिडवायची, तिसऱ्यानंतर तिच्या बाजूनं उभी राहायची.

प्रयोगात मुख्य भूमिकेतली मुलगी पहिल्यावरून थेट तिसऱ्या कडव्यावर गेली. पहिला शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. पेटीवर मी तिच्यामागे गेलो, तबलजीही आला. पण कडवं संपलं की सतरा मुलं सवयीनं चिडवायची ओळ म्हणणार, आणि जिला धीर द्यायचा तिलाच चिडवून गोष्ट तिथे बसणार. मला त्यांच्याकडे बघायलाही वेळ नव्हता. कडवं संपलं. मागच्या रांगेत सातवीतली एक मुलगी टाळ घेऊन उभी होती. तिनं समेवर टाळ दिला, एरवीपेक्षा जरा जोरात, आणि तिसरी ओळ उचलली. दुसऱ्याच मात्रेला सगळी तिच्यासोबत होती. समोर बसलेल्यांपैकी कुणालाही काही कळलं नाही.

प्रयोगानंतर मी तिला विचारलं, तुला कसं कळलं गं? ती टाळाची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाली, "सर, तिसऱ्या कडव्याच्या आधी ते खांदे वर करते न, मोठा श्वास घ्यासाठी. आज दुसऱ्याच वेळी केले. मी तं तिला मागून रोज पाहून राहिली."

अडीच महिने ती मुलगी दुसऱ्याच्या पाठीकडे बघत उभी होती. त्या पाठीवरून तिला गाणं वाचता यायला लागलं होतं. माझ्या हाताखालून मुख्य भूमिका केलेली बरीच मुलं गेली. त्यांना टाळ्या मिळाल्या आणि धीटपणा आला, ते मिळायलाच हवं. पण दुसऱ्याचं इतकं बारीक ऐकायला शिकलेली मुलं मला जास्त करून कोरसमध्येच सापडली. पुढे गाणं चालू ठेवलं तेही त्यांच्यातल्याच अनेकांनी. तुमच्या मुलीला तीन वर्षांची तालीम आहे. ती कोरसमध्ये असणं हा त्या सरांचा मोठा आधार आहे, आणि शहाणे असतील तर त्यांनी मुद्दामच तिला दुसऱ्या रांगेत मधोमध उभं केलं असेल. एक पक्का सूर मध्ये उभा असला की दोन्ही बाजूंची कच्ची मुलं त्याला धरून गातात.

आता अट. नाटकात मुलं स्वतः गाणार असतील तरच तिला ठेवा.

हल्ली अनेक शाळांत स्टुडिओत जाऊन एका-दोघांच्या आवाजात गाणी रेकॉर्ड करतात. प्रयोगाच्या दिवशी ते वाजवतात आणि मुलं ओठ हलवतात. दिसायला झकपक, चुकण्याची भीती नाही, प्रमुख पाहुणेही खूश. मला याचं मनापासून वाईट वाटतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं तेव्हापासून मराठी संगीत नाटकात नट स्वतःच्या गळ्यानं गातो, आणि साथीचे वादक त्याच्यासाठी थांबतात. आपल्या नागपूरनं तर या परंपरेला दारव्हेकर मास्तर दिले. रंजन कला मंदिर उभं करणारे आणि मुलांसाठीही आवडीनं नाटकं लिहिणारे हे मास्तर. त्यांनी लिहिलेल्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये १९६७ साली खाँसाहेब उभे केले वसंतराव देशपांड्यांनी, जे लहानपणी इथेच शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकले. वसंतरावांच्याच नावाच्या सभागृहात आज मुलं ओठ हलवतात तेव्हा मला बसवत नाही.

नुसत्या वाद्यांचा ट्रॅक लावून मुलं वर गात असतील तर ते त्यातल्या त्यात बरं. पण ट्रॅक थांबत नाही. सुताराच्या मुलीनं कडवं गाळलं त्या दिवशी ट्रॅक असता तर तो दुसऱ्या कडव्याचीच धून वाजवत राहिला असता, आणि ती पोर स्टेजवर एकटी पडली असती. पेटी थांबते, तबला एक आवर्तन जास्तीचं घेतो. आपण चुकलो तर माणसं सांभाळून घेतात हे मुलांना कळतं आणि ती मोकळी होतात. तेव्हा शाळेला नक्की विचारा: साथ बसून आहे, ट्रॅक आहे की आवाजासकट सगळंच रेकॉर्डिंग? शेवटचं असेल तर तिला काढलं तरी मी तुम्हाला दोष देणार नाही.

मुलीला एक आठवण करून द्या. भुलाबाईत, म्हणजे आपल्याकडच्या मुलींच्या गाण्यांच्या खेळात, ती कधी गेलीच असेल, नाहीतर तिची आजी गेली असेल. कोजागिरीपर्यंत घरोघरी टिपऱ्या घेऊन म्हटलेली गाणी, मग डबा वाजवून खाऊ ओळखायचा. त्या गाण्यांत मुख्य भूमिका कुणाची असते? आपल्याकडच्या पोरी पिढ्यान्‌पिढ्या अशाच गात आल्या. मी कोरसची तालीम त्यावरूनच सुरू करतो. पहिले तीन आठवडे खाली सतरंजीवर बसून नुसतं गाणं, हालचाल अजिबात नाही. मग टिपऱ्या, मग फुगडी घालत तीच ओळ. फुगडी घालताना जिला ओळ पुरते, तिला नाचताना श्वास कमी पडत नाही. नाच आधी आणि गाणं मागून चिकटवलं की मुलं धापा टाकतात आणि ओरडून गातात. तुमच्या शाळेत नाच आधी बसवला असेल तर घसा बसण्याचं उरलेलं निम्मं कारण ते समजा.

जमलं तर दिवाळीनंतर एखाद्या शनिवारी तिला झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातलं, नाटक दाखवून आणा. वडसा-देसाईगंजच्या मंडळींचे प्रयोग गावोगावी रात्रभर चालतात. ऑर्गन, तबला समोर बसलेला, नट गातात, आणि शेतावरून आलेली हजारभर माणसं थंडीत गोधड्या पांघरून ऐकतात. नववीच्या मुलांना एकदा घेऊन गेलो होतो. परतताना गाडीत कुणी झोपलं नाही, माझ्या पाच तालमींनी झालं नसतं एवढं त्या रात्रीत झालं.

मुलांच्या आवाजाचा विषय निघालाच आहे तर एक सांगायला हवं, कारण त्यातली चूक माझी होती. जुलैमध्ये मी एका आठवीतल्या मुलाला मुख्य भूमिका दिली. आवाज असा, की शाळेच्या प्रार्थनेत त्याचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, गच्चीपर्यंत जायचा. नोव्हेंबरात तो घसरायला लागला. मला कळत होतं काय होतंय ते. तरी चाल बदलली नाही, पट्टी उतरवली नाही. तो षड्ज माझ्या चालीचा कळस होता आणि मला तो सोडवेना. त्याला रोज सांगत राहिलो, लाव, येईल. प्रयोगाच्या दिवशी त्या जागी आवाज चिरकला. पहिल्यांदा त्याचेच मित्र हसले, मग सगळा मांडव. त्यानं गाणं पूर्ण केलं, विंगेत आला आणि माझ्याकडे न बघता पगडी काढून ठेवली. त्यानंतर शाळेत असेपर्यंत तो पुन्हा गायला नाही. त्याच्या आईनं मला एका शब्दानं विचारलं नाही, ते मला अजून सलतं.

तेव्हापासून मी नोव्हेंबरात सगळ्यांचे आवाज पुन्हा तपासतो. आवाज फुटत असलेल्या मुलांसाठी चार-पाच स्वरांतच फिरणाऱ्या ओळी बांधतो, नाहीतर लयीत बोलायचं देतो. त्यांच्याकडून वरचे स्वर काढून घ्यायचा प्रयत्न या काळात करूच नये. शेजारच्या कुणाचा मुलगा त्या नाटकात असेल आणि त्याच्याकडून उंच गाऊन घेत असतील, तर त्याच्या आईला एवढं सांगा.

घशाचं म्हणाल तर संत्र्याला दोष देऊ नका. हिवाळ्यात प्रत्येक आजी सांगते की आंबट खाल्लं म्हणून आवाज गेला. मी तालमीत मुलांना संत्री खाताना बघत आलोय, त्यानं कुणाचा आवाज गेलेला मला आठवत नाही. मधल्या सुट्टीतलं ओरडणं आवाज घालवतं. तालमीआधी ठेल्यावरचे तर्री पोहे भरपेट खाऊन लगेच गायला उभं राहिलं की जळजळ वर येते आणि घसा खवखवतो, हेही मी पुष्कळदा पाहिलंय. पोहे तालमीनंतर खाऊ द्या. कोमट पाण्याची बाटली सोबत द्या. आपल्याकडची थंडी कोरडी आहे, मुलांना तहान लागत नाही आणि ती पाणी पीत नाहीत. आवाज बसला असेल त्या दिवशी तिनं तालमीला जावं पण गाऊ नये, कुजबुजून बोलणंही टाळावं, नुसतं बसून ऐकावं. आणि गाणं थांबवूनही आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, काढ्यांवर भागवू नका.

अभ्यासाचं फार लांबवत नाही. आठवी-नववीत आठवड्यातून चार दिवस दोन-दोन तास तालीम कुठल्याही मुलाला झेपते. सहाच्या सहा दिवस असेल तर चार-पाच पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटा आणि दोन दिवस मोकळे मागा. हे मागणं रास्त आहे, आम्हा बसवणाऱ्यांनाही ते ऐकावं लागतं. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते मोर्चांमुळे बंद असतात. मुलं त्या बाजूनं येत असतील तर तेवढे दिवस वेळ आधीच बदलून घ्यायला सांगा, नाहीतर तासभर रिक्षातच जातो. दहावीच्या मुलांना मी स्टेजवर घेत नाही. ज्यांना राहवत नाही त्यांना पडद्यामागचं काम किंवा एखादं वाद्य देतो.

प्रयोगाच्या दिवसाचं थोडं बोलतो, कारण त्या दिवशी आईवडिलांच्या हातून नकळत पुष्कळ बिघडतं. मांडव मैदानात असेल तर आठनंतर दंव पडायला लागतं. तबल्याची, ढोलकीची पुडी उतरते, बासरी थंडीनं खाली जाते आणि पेटी मात्र जागच्या जागी असते. बाजूच्या लॉनवर लग्न असलं तर तिथला बँडही आत येतो. अशा वेळी मुलांना फक्त एकमेकांचा आवाज धरता येतो. त्यात समोरून कुणी "बेटा, इकडे बघ" म्हणून हाक मारली की ती रांग फुटते. हाक मारू नका. मोबाइल घेऊन पुढे येऊ नका, व्हिडिओ शाळा देतेच. आणि ती गात नसेल तेव्हा तिच्याकडे बघा. दुसरं कुणी बोलत असताना ती कुठे बघते, हात कसे ठेवते, पुढच्या मुलीची ओळ आली की तिचे ओठ नकळत हलतात का. घरी आल्यावर तिला त्यातलं काही सांगा. "छान झालं" सगळेच म्हणतात. "तिसऱ्या प्रवेशात ती मुलगी अडखळली तेव्हा तू एकदम मान वर केलीस" असं कुणी म्हटलं की आपल्याला खरोखर पाहिलं गेलं हे मुलाला कळतं.

दुसऱ्या दिवसाची तयारी ठेवा. अडीच महिने रोज संध्याकाळी भेटणारी पोरं अचानक मोकळी होतात. चार वाजले की चुकल्यासारखी फिरतात, काही रडतात. एका मुलानं मला सांगितलं होतं की तो सुट्टी असूनही शाळेत आला, हॉलचं दार बंद होतं, तो पायरीवर बसून सगळी गाणी क्रमानं म्हणून घरी गेला. तिला त्या संध्याकाळी अभ्यासाला बसवू नका. दोन-चार मैत्रिणींना घरी बोलवा आणि त्यांना गाऊ द्या, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

आणि एक अगदी साधी गोष्ट. जानेवारीत रात्री पारा कधी कधी आठ-नऊवर येतो, आणि भाड्याच्या ड्रेसला बहुतेक बाह्याच नसतात. कोरसची मुलं सगळ्यात जास्त वेळ विंगेत उभी असतात. ड्रेसच्या आत अंगाच्या रंगाचं पातळ थर्मल घालायची परवानगी आत्ताच मागून ठेवा, आणि स्टेजवर जाताना तिनं अंगावरचा स्वेटर विंगेत कुणाच्या हातात द्यायचा, ते त्या माणसाशी बोलून आधीच ठरवा.